वाटाड्या यंत्राशीं दोन शब्द

पुणें-सोलापूर रस्त्यानें ज्यांनीं कधीं प्रवास केला असेल, त्यांस माझें टेंभुर्णी गांव ठाऊक असेलच. निदान तेथला चहा तरी आठवत असेल. आमच्या गांवीं रस्त्यांना फांटे फुटतात. एक वाट सोलापुराकडे जाते, एक पुण्याकडे, एक पंढरपुराकडे, एक कुर्डुवाडीवरून बार्शीकडे आणि एक करमाळ्यावरून अहिल्यानगराकडे. येथें घटकाभर उभें राहून पाहावें. लातूरला जाणारा गाडीवान वाट विचारतो, तेव्हां त्याला कोणी लातुराचा नकाशा काढून दाखवीत नाहीं. "कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागा," एवढेंच सांगतात. कुर्डुवाडीला पोहोंचल्यावर तेथील लोक त्याला बार्शीचा रस्ता दाखवितात. सबंध वाट कोणालाच ठाऊक असावी लागत नाहीं. प्रत्येकाला आपल्या पुढचा एक मुक्काम ठाऊक असला म्हणजे पुरे. एवढ्यावर माणूस लातूरला सुखरूप पोहोंचतो.

आज ज्या यंत्राविषयीं मी चार शब्द बोलणार आहें, तें असाच एक चौक आहे. इंग्रजींत त्यास राउटर म्हणतात. मी आपला त्यास वाटाड्या म्हणतों. आपल्या घरांत, कचेरींत, दुकानांत कोपऱ्यांत दिवे लुकलुकवीत बसलेली ती लहानशी पेटी पुष्कळांनीं पाहिली असेल. बिघाड झाला कीं आपण तिची कळ बंद करतों, पुन्हां चालू करतों आणि नशिबाला हात लावतों. परंतु या पेटीशीं लेखी आज्ञांच्या द्वारें बोलतां येतें, ती आपल्याला उत्तरें देते आणि तिची समजूतही घालतां येते, हें मला साठी जवळ आल्यावर कळलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारी हयात प्राथमिक शाळेंत पाढे आणि व्याकरण शिकविण्यांत गेलेली. तेव्हां माझें बोलणें एखाद्या पंडिताचें आहे असें न समजतां, एका उशिरां शाळेंत गेलेल्या विद्यार्थ्याचें समजावें, ही विनंति.

मार्च २०२० मध्यें शाळा बंद पडल्या आणि फळ्यावरचे धडे फोनच्या कांचेवर आले. पुढें शाळा उघडल्या, तरी स्पर्धापरीक्षांचा अभ्यास, प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीच्या याद्या हें सारें त्या कांचेंतच राहून गेलें. आमच्या आळींतील कांहीं तरुणांनीं एका खोलींत अभ्यासिका काढली. वीस-बावीस मुलें आणि इंटरनेटची तार एकच, असा तेथला संसार. एका कचेरींतून मोडीत निघालेला एक संगणक कोणीसा आणून दिला. त्यांतल्या एका होतकरू मुलानें त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चढविली, जाळ्याची तार लावण्याचीं दोन तोंडें बसविलीं आणि सांगितलें, "गुरुजी, हा आपला राउटर." एक तोंड बाहेरच्या तारेकडे, दुसरें खोलीकडे. पुढें तो मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास निघून गेला आणि त्या यंत्राची किल्ली माझ्या हातीं आली.

आतां या यंत्राची राहणी थोडक्यांत सांगतों. जाळ्यावर जें कांहीं जातें-येतें, तें लहान लहान पाकिटांत भरून जातें. प्रत्येक पाकिटावर धाडणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. हा पत्ता म्हणजे चार आंकडे. प्रत्येक आंकडा शून्यापासून २५५ पर्यंत. १९८१ सालीं ही पद्धत पक्की ठरली. हिशेब केला तर असे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६ होतात. त्या काळीं ही संख्या अफाट वाटली. पुढें माणसांच्या खिशाखिशांत यंत्रें आलीं आणि ती अपुरी पडूं लागली. यावर मोठा उपाय म्हणजे नवे, अधिक लांब पत्ते. ते हळूहळू प्रचारांत येत आहेत. दुसरा उपाय घरगुती आहे. १९२.१६८ नें सुरू होणारे, तसेच आणखी कांहीं पत्ते, खासगी वापरासाठीं राखून ठेवलेले आहेत. ते घराच्या आंतच चालतात, बाहेर चालत नाहींत.

मग आंतले पाकीट बाहेर जातें कसें? वसतिगृहाचें उदाहरण घ्या. वसतिगृहांतील मुलें पत्रें लिहितात. रेक्टर प्रत्येक पत्रावर वसतिगृहाचा एकच पत्ता घालतात आणि कोणतें पत्र कोणत्या खोलींतून गेलें, याची नोंद वहींत ठेवतात. उत्तर आलें कीं वही पाहून तें त्या त्या खोलींत पोहोंचवितात. आमचा वाटाड्या हेंच करतो, आणि एका क्षणांत हजारों वेळां करतो.

या यंत्राशीं बोलण्याच्या दोन रीती आहेत. एक चित्रांची: रंगीत पान उघडावें आणि बटणें दाबावीं. दुसरी शब्दांची: काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी आणि कळ दाबावी. चित्रांची रीत सोपी खरी, पण तींत जेवढीं बटणें दिलेलीं असतील तेवढेंच बोलतां येतें. शब्दांच्या रीतींत भाषा येते. आणि भाषा म्हटली कीं आम्हां मास्तरांचा जीव रमतो. ही भाषा सारी आज्ञार्थी आहे. "आयपी रूट शो," म्हणजे वाटा दाखव. "आयपी ॲड्रेस शो," म्हणजे पत्ते दाखव. "शो" च्या जागीं "ॲड" घातलें कीं भर घाल, "डिलीट" घातलें कीं काढून टाक. आधीं विषय, मग क्रियापद, मग तपशील. व्याकरण इतकें नेमकें कीं एका अक्षराची चूकही खपत नाहीं. मात्र या आज्ञाधारक नोकराला विवेक नाहीं. व्याकरण शुद्ध आणि अर्थ घातक अशी आज्ञा दिली, तरी तो ती मुकाट्यानें पाळतो. हें वाक्य लक्षांत असूं द्यावें. पुढें त्याचा अनुभव सांगणारच आहें.

"वाटा दाखव" म्हटल्यावर जी यादी येते, ती चौकांतल्या पाटीसारखी असते. अमुक आळीचें टपाल या तोंडानें, तमुक आळीचें त्या तोंडानें. आणि ज्याचा कोठेंच उल्लेख नाहीं, तें सारें एका ठराविक शेजाऱ्याकडे. या शेवटच्या वाटेस डीफॉल्ट म्हणतात. घरगुती यंत्राचा नव्याण्णव टक्के कारभार या एका ओळीवर चालतो. ती पुसली गेली, तर तार शाबूत असूनही घर जगापासून तुटतें. एकाच पाकिटाला दोन ओळी लागू पडल्या, तर जी अधिक बारकाईची असेल ती मानली जाते. "माढा तालुका" अशी एक ओळ आणि "माढा तालुक्यांतील टेंभुर्णी" अशी दुसरी ओळ असेल, तर टेंभुर्णीचें टपाल दुसऱ्या ओळीनेंच जाईल.

नियम साधा आहे, पण त्याचें सामर्थ्य पाहा. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तानांतील मुख्य तार-कंपनीनें आपल्या देशापुरतें यूट्यूब बंद करावें म्हणून यूट्यूबच्याच पत्त्यांची एक अधिक बारकाईची ओळ आपल्या यंत्रांत घातली. ती ओळ चुकून बाहेरच्या जगांत पसरली. जगांतील वाटाड्यांनीं नेमानुसार तीच खरी मानली आणि सुमारें दोन तास जगाच्या मोठ्या भागाला यूट्यूब दिसेनासें झालें. चौकांत एक चुकीची पाटी लावली आणि सारी वाहतूक एका बोळांत शिरली, असाच तो प्रकार.

आतां रोजच्या उपयोगाची गोष्ट. इंटरनेट चालत नाहीं, अशी ओरड झाली कीं आधीं रोग कोठें आहे तें पाहावें. यासाठीं पिंग नांवाची आज्ञा आहे. माइक म्यूस या गृहस्थानें ती १९८३ च्या डिसेंबरांत लिहिली. पाणबुडी शोधण्यासाठीं पाण्यांत ध्वनि सोडून प्रतिध्वनि ऐकतात, त्यावरून हें नांव पडलें. आपण हांक मारावी आणि किती वेळानें "ओ" येते तें मोजावें. मी मुलांना तीन पायऱ्या शिकवितों. पहिली: आपल्या खोलींतल्या वाटाड्याला हांक मारा. उत्तर नाहीं, तर दोष खोलींतच आहे. तार, वीज पाहा. दुसरी: बाहेरच्या एखाद्या ठाऊक असलेल्या यंत्राला त्याच्या आंकड्यांनीं हांक मारा. उत्तर नाहीं, तर दोष बाहेरच्या तारेंत किंवा आपल्या डीफॉल्ट वाटेंत. तिसरी: त्यालाच नांवानें हांक मारा. आंकड्यांनीं उत्तर येतें आणि नांवानें येत नाहीं, तर वाट ठीक आहे. नांवावरून आंकडे सांगणारी जी यादी असते, तींत घोटाळा आहे. या तीन पायऱ्या क्रमानें चढल्या, तर मेस्त्रीला बोलावण्याच्या निम्म्या खेपा वांचतात.

दुसरी आज्ञा ट्रेसरूट. ही मोठी युक्तीची आहे. प्रत्येक पाकिटावर एक आंकडा असतो. प्रत्येक चौकांत तो एकानें कमी होतो आणि शून्य झाला कीं तेथला वाटाड्या पाकीट टाकून देऊन धन्याला तसा निरोप धाडतो. वाट चुकलेलीं पाकिटें जगभर फिरत राहूं नयेत म्हणून ही सोय. ट्रेसरूट मुद्दाम आधीं एक आंकडा घालून पाकीट सोडतें, मग दोन, मग तीन. आणि परत आलेल्या निरोपांवरून सबंध वाटेंतल्या चौकांचीं नांवें गोळा करतें. कांहीं चौक निरोप धाडीतच नाहींत, तेथें चांदण्या उमटतात. मधल्या चांदण्या पाहून वाट तुटली असें समजूं नये. तो चौक केवळ अबोल असतो.

असो. आतां वाहतुकीकडे वळतों, कारण आमच्या खोलींतलें खरें भांडण तेथेंच होतें. एके संध्याकाळीं एक मुलगा सरावपरीक्षा देत होता आणि प्रत्येक प्रश्नाला त्याचें पान अडकूं लागलें. तार तुटलेली नव्हती. मीं हांक मारून पाहिली. एरवीं जें उत्तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत येई, त्याला जवळजवळ दोन सेकंद लागत होते. शोधलें तेव्हां कळलें कीं कोपऱ्यांत बसलेल्या एकाचा फोन घरच्या लग्नाचीं चलच्चित्रें दूरच्या कोठारांत धाडीत होता. बिचाऱ्या फोनच्या धन्याला त्याची दादही नव्हती.

आमच्या भागांतल्या शेतकऱ्याला हें समजावून सांगावें लागत नाहीं. उजनीचें धरण १९८० सालीं झालें आणि कालव्याचें पाणी आलें. पाण्याबरोबर पाळीही आली. ज्यानें कधीं रात्रीं दारें धरलीं आहेत, त्याला ठाऊक आहे कीं चारीच्या तोंडाशीं असलेल्यानें दार मोकळें सोडलें, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला चिखलच येतो. तारेचें तसेंच आहे. फरक एवढाच कीं येथें पाणी आटत नाहीं, तर तुंबतें. तारेच्या तोंडाशीं असलेल्या पेटींत पाकिटांची भलीमोठी रांग लागते. चलच्चित्राचीं हजार पाकिटें पुढें उभीं आणि परीक्षेच्या उत्तराचें एक इवलेंसें पाकीट त्यांच्या मागें. वेग कमी नाहीं, पण पाळी येत नाहीं. या लांब रांगेच्या रोगावर गेल्या पंधरा वर्षांत विद्वानांनीं पुष्कळ विचार केला आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनीं २०१२ सालीं जी रीत मांडली, तिचें सार असें कीं रांग किती लांब आहे हें पाहूं नये. पाकिटाला तींत किती वेळ तिष्ठावें लागलें, हें पाहावें. तो वेळ बेताबाहेर राहूं लागला, तर मधूनच एखादें पाकीट टाकून द्यावें. धाडणारें यंत्र त्यावरून समजतें आणि आपला वेग आवरतें.

लिनक्समध्यें वाहतूक आवरण्याच्या आज्ञेचें नांव टीसी. तिचा मर्म मला असा उमगला. रांग दुसऱ्याच्या पेटींत लागते तोंवर आपला तिच्यावर अधिकार नाहीं; म्हणून ती आपल्या दारांत लावून घ्यावी. आमच्या तारेचा बाहेर धाडण्याचा वेग १० होता, मीं वाटाड्याला ९ नेंच धाडण्याची आज्ञा दिली. आतां तुंबलें तर आमच्याकडेच तुंबणार, आणि येथें पाळी आम्ही ठरविणार. पाळी ठरविण्यासाठीं केक नांवाची रांग मीं बसविली; ती फोनाफोनांत तार समान वांटते. तिला "नॅट" हा एक शब्द जोडावा लागतो, नाहींतर वसतिगृहाच्या एका पत्त्यामुळें तिला सारीं मुलें म्हणजे एकच मुलगा वाटतो. हा एक शब्द न कळल्यानें माझे आठ दिवस गेले. आणखी एक मर्यादा सांगून ठेवतों: आपण जें धाडतों त्यावर आपला पुरा ताबा असतो, जें येतें त्यावर नसतो. येणाऱ्याला फक्त आडून सुचवितां येतें, आणि त्यासाठीं वेगळी मांडणी करावी लागते. त्या दिवशीं मात्र एका ओळीनें काम झालें. लग्न जात राहिलें आणि परीक्षाही चालूं लागली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. श्रोतेहो, त्या टाळ्यांनींच माझा घात केला.

पुढच्या उन्हाळ्यांत मी डोळे दाखविण्यासाठीं सोलापुरास गेलों होतों. नातलगाच्या घरीं रात्रीं बसल्या बसल्या मनांत आलें कीं वाटाड्याच्या दारावर पहारा अधिक कडक करावा. दुरून प्रवेश करण्याची सोय होतीच. मीं नवी नियमावली लिहिली: ज्याला स्पष्ट परवानगी नाहीं, त्याला अडव. तत्त्व उत्तमच होतें. पण परवानग्यांच्या यादींत बाहेरून येणारा मी स्वतःला घालावयास विसरलों. आणि खोलींतल्या मुलांचा पत्ता लिहितांना १९२.१६८ ऐवजीं १९२.१८६ लिहिलें. आंकड्यांची अदलाबदल! ज्या चुकीसाठीं मीं पस्तीस वर्षें मुलांच्या वह्यांवर तांबडी रेघ ओढली, तीच. व्याकरण शुद्ध होतें, म्हणून यंत्रानें हूं कीं चूं न करतां आज्ञा पाळली. पडदा गोठला. मी बाहेर, मुलें आंत, आणि मध्यें मीच घातलेली भिंत.

आतां यंत्र बंद करून चालू केलें असतें तर? येथें एक महत्त्वाचा भेद सांगतों. आज्ञा दोन ठिकाणीं राहते. एक पाटीवर, ती वीज गेली कीं पुसली जाते. दुसरी वहींत, म्हणजे यंत्र जागें होतांना जी वाचतें त्या फाइलींत. मीं घाईनें आधीं वहींतच लिहिलें आणि मग अंमल दिला. त्यामुळें मुलांनीं सकाळीं दहा वेळां कळ दाबली, तरी यंत्र उठून तीच चुकीची वही वाची.

तो दिवस बारावी झालेल्या आमच्या एका विद्यार्थिनीच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याचा शेवटचा दिवस होता. तिचीं कागदपत्रें खोलींतल्या संगणकांत होतीं. मी पहाटेच्या एस्. टी. नें निघालों. दुपारीं खोलीवर पोहोंचलों, तेव्हां कळलें कीं तिचे वडील रोजगार बुडवून सकाळपासून सेवाकेंद्राच्या रांगेंत उभे आहेत. दुरुस्तीला दोन मिनिटें लागलीं. संध्याकाळच्या आंत तिचा अर्ज गेला आणि पुढें तिला प्रवेशही मिळाला. मीं त्या गृहस्थांना बुडालेल्या रोजाचे पैसे देऊं केले. त्यांनीं घेतले नाहींत. "गुरुजी, तुम्ही आमच्यासाठींच करतां," एवढेंच म्हणाले. रागावले असते तर बरें वाटलें असतें. खरी चूक आंकड्यांची नव्हती. खोलींत वीस मुलें असतां वाटाड्याची भाषा मीं एकालाही शिकविलेली नव्हती. विद्या मुठींत धरून ठेवण्याचा मोह मास्तरालाही होतो, हें मला त्या दिवशीं दिसलें.

अशी फजिती थोरांचीही होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक कंपनीच्या मुख्य जाळ्यावर देखभालीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें त्यांचीं सारीं केंद्रें एकमेकांपासून तुटलीं. चुकीची आज्ञा अडविणारी व्यवस्था होती, पण तींतच दोष निघाला. जगाच्या वाटाड्यांच्या पाटीवरून त्यांचें नांव पुसलें गेलें, दुरुस्तीचीं साधनें त्याच जाळ्यावर असल्यानें तींही हातचीं गेलीं, आणि सुमारें सहा तास कोट्यवधि लोकांचें व्हॉट्सॲप मुकें झालें. त्यांची भिंत मोठी, माझी लहान, जात एकच.

तेव्हांपासून आमच्या खोलींत चार नियम आहेत. पहिला, कांहीं बदलण्यापूर्वीं चालू असलेल्या नियमावलीची नक्कल ठेवावी. दुसरा, आधीं पाटीवर लिहावें. दिवसभर नीट चाललें तरच वहींत उतरवावें. तिसरा, दुरून बदल करावयाचा असेल तर आधीं यंत्राला "दहा मिनिटांनीं स्वतःच बंद होऊन चालू हो" अशी आज्ञा देऊन ठेवावी. बदल चुकला आणि आपण बाहेर पडलों, तर पाटी आपोआप पुसली जाते; बदल साधला, तर ती आज्ञा मागें घ्यावी. चौथा, यंत्राबरोबर आलेला मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. २०१६ सालीं मिराई नांवाच्या एका दुष्ट कार्यक्रमानें असे न बदललेले शब्द वापरून जगांतील लाखों पेट्या आणि कॅमेरे ताब्यांत घेतले आणि त्यांच्याच करवीं इतरांवर हल्ले चढविले.

आणि एक पांचवा, जो कागदावर नाहीं. भिंतीवर खिळ्याला एक साधी वही टांगली आहे. कोणीं, कोणत्या तारखेस, कोणती आज्ञा दिली आणि कां दिली, हें तींत मराठींत लिहावयाचें. पहिल्या पानावर माझी चूक तारखेसह लिहिली आहे. आंकड्यांखालीं तांबडी रेघ आहे, आणि ती माझ्याच हातची आहे. आतां पांच मुलें आणि तीन मुली तें यंत्र चालवितात. मी गेलों कीं मला खुर्ची देतात, पण कळफलक देत नाहींत. मला त्याचें मुळींच वाईट वाटत नाहीं.

आपल्या देशांत सामान्य लोकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें. एवढ्या अवधींत तें नळाच्या पाण्यासारखें आवश्यक झालें. पण नळ गळला तर आपण वाशर बदलतों, आणि ही पेटी बिघडली तर मात्र हात जोडतों. तसें कां असावें? जिला भाषा आहे, ती वस्तु शिकतां येते. आपल्या घरांतल्या एका मुलाला किंवा मुलीला आज संध्याकाळीं एवढेंच सांगा, कीं "वाटा दाखव" असें यंत्राला विचार आणि काय उत्तर येतें तें मला वाचून दाखव. "दाखव" या आज्ञेनें कांहीं मोडत नाहीं. शिकण्याचा आरंभ तिथूनच करावा. "बदल" ही आज्ञा वही हाताशीं ठेवून, सावकाश, मागाहून.